कातळावरची कोरांटी

"आजी, ही माती पार डेड आहे गं," रिया म्हणाली. रिया म्हणजे माझी नात. श्रावणातलं ऊन नुकतंच गॅलरीत उतरलं होतं आणि ही कोरांटीच्या कुंडीत काडी खुपसून बघत होती. शेजारी तिनं मागवलेली तयार मातीची पिशवी. नारळाचा भुसा, खत आणि आणखी कसली कसली पावडर घातलेली. पिशवीवर फुलांचं चित्र. "ही जुनी माती टाकून देऊ या. किती खडे आहेत बघ!"

मी तिच्या अंगावर ओरडले. अशी ओरडले, की खालच्या मजल्यावरची बाई गॅलरीत येऊन मान वर करून बघायला लागली. रियानं काडी टाकली, ओठ मुडपले आणि आत निघून गेली. मी तोंडाची फटकळ, आमच्या आईवर गेलेय, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मातीवरून कुणी एवढं ओरडतं का? पोरीचं काय चुकलं? तिला काय माहीत ती माती कुठून कुठून आणलीय ते!

तेव्हापासून मी कुंडीपाशीच बसून आहे. काल्हेरचा चौथा मजला. समोर गोदामांचे पत्रे, खाली ट्रकांची रांग. एक सर येते, पत्रे वाजवून जाते, लगेच ऊन. श्रावण सगळीकडं सारखाच म्हणतात. मला नाही वाटत. कातळावरचा श्रावण वेगळा असतो. भिजलेला दगड उन्हात तापायला लागला की त्याला एक वास सुटतो, ओल्या तव्यासारखा. इथं चौथ्या मजल्यावर तो कसा यायचा? तरी दरवर्षी येतो. मला एकटीलाच येतो.

आम्ही टेमघरला राहायला आलो ते दादाला, माझ्या मोठ्या भावाला, नारपोलीत लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, काम लागलं म्हणून. वडील नव्हते. गावाकडची शेती काकांकडं राहिली आणि आईनं हिय्या करून टेमघरच्या कडेला, कातळावर दोन खोल्या बांधल्या. ती जागा कुणाला नकोच होती, कारण तिथं काही उगवायचं नाही. वैशाखात पायाला चटके बसायचे आणि पावसात शेवाळावरून घसरून आपटायला व्हायचं. माती म्हणाल तर कुठं वीतभर, कुठं बोटभर, कुठं नुसताच उघडा दगड. त्या बोटभर मातीत तेरडा मात्र असा माजायचा की बघत राहावं. भादव्यात गौरी आणायला आळीतल्या बाया आमच्याच परसात यायच्या. बाकी झाड म्हणाल तर दाराशी तेलाच्या डब्यातली तुळस, बस्स.

वैनी नदीकाठच्या गावची. तिच्या माहेरी म्हणे मातीत हात घातला तर कोपरापर्यंत आत जायचा. लग्न होऊन आली तेव्हा परसात उभी राहून तिनं मला विचारलं होतं, "वन्सं, ह्याच्याखाली काय हाय?"

"दगड."

"आनि त्याच्याखाली?"

"दगडच."

आधी ती हसली. मग टाचेनं दगड ठोकून बघितला.

आमच्याकडं मूल जन्मलं की त्याच्यामागून पडलेली वार घरामागं, न्हाणीजवळ पुरतात. वर दगड ठेवतात आणि एखादं काटेरी झुडूप लावतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. माझी वार गावच्या घरामागं आहे, दादाचीही तिथंच. माणूस कुठंही गेलं तरी त्याचं मूळ त्या जागेशी राहतं, असं आई म्हणायची. वैनीला पहिल्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हा आई चुलीपुढं बसून बोलून गेली, "ज्या घराला वार पुरायला माती न्हाय, त्या घरात पोर टिकनार कसं?" तिच्या मनात वैनीला लावून बोलायचं नव्हतं. ती स्वतःच्या नशिबाला बोलत होती. पण वैनी मागं उभी होती.

मग आला तो पावसाळा. आणीबाणी उठली त्या वर्षीचा. वैनीला पुन्हा दिवस गेले होते, अश्विनात होणार होती. बाकीच्या बायका डोहाळे लागले की चिंचा-कैऱ्या मागतात. हिला माती हवी होती. खायला नव्हे. परसात हवी होती.

आषाढात माहेरी जाऊन आली ती अनंताचं रोप घेऊन. ओल्या फडक्यात गुंडाळून, पोटाशी धरून आणलेलं. दादाला म्हणाली, "मला खड्डा करून द्या." दादानं सुट्टीच्या दिवशी पहार आणि छिन्नी घेऊन कातळ फोडला. दिवसभर ठोकत होता. संध्याकाळी घमेलं बसेल एवढा खळगा झाला. वैनीनं त्यात माहेरची माती भरली, अनंत लावला आणि अशी ऐटीत उभी राहिली की जणू मळाच पिकवलाय.

आई दारातून बघत होती. "कातळाला भोक पाडून काय व्हनार हाय? पानी जाईल कुठं?"

"झाडाला पानी लागतंच की, आई."

"लागतं. पन बुडवायला न्हाय."

आईचं ऐकेल ती वैनी कसली! आणि खरं सांगायचं तर अनंतानं आधी आईलाच खोटं पाडलं. चार नवी पानं फुटली, तुकतुकीत. श्रावणाच्या तोंडाला मात्र पावसानं झोडपायला सुरुवात केली. खळग्याला खाली वाट नाही, बाजूला वाट नाही. पाणी साचलं ते साचलंच. पानं आधी पिवळी झाली, मग काळी. एक दिवस वैनीनं रोप नुसतं धरलं तर ते हातातच आलं. मुळं कुजून त्यांना वास येत होता. ती तशीच उकिडवी बसून राहिली, एक हात पोटावर, एका हातात रोप.

"माझ्या हाताला काय लागतच न्हाय, वन्सं," ती म्हणाली. "काय पन लागत न्हाय."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? झाड मेलं म्हणजे काय..." ती झाडाबद्दल बोलत नव्हती हे मला कळत होतं.

तेव्हा आई खाली आली. पदर खोचून तिनं त्या खळग्यातलं पाणी हातानं उपसून टाकलं आणि वैनीकडं न बघता म्हणाली, "कातळावर खाली न्हाय जायचं, बाय. वर यायचं." आमच्या आईला गोड बोलता यायचं नाही. पण त्या दिवशीचं ते तिचं गोडच बोलणं होतं.

वर यायचं म्हणजे कसं, ते आम्ही त्या श्रावणात शिकलो. आधी जागा शोधली. वैनी तांब्यातांब्यानं पाणी ओतून बघायची. कुठं साचतं, कुठं वाहून जातं. न्हाणीपासून जरा पलीकडं एका जागी पाणी ओतलं की आत जिरून जायचं. तिथं कातळाला भेग होती, केसभर. "मुळांना एवढी वाट बास हाय," वैनी म्हणाली. उताराच्या बाजूला आम्ही दगडावर दगड रचून अर्धगोल गडगा घातला, गुडघ्याएवढा. आता त्या गडग्यात माती भरायची.

माती! कुठली कुठली माती आणली आम्ही! पाऊस उघडला की मी घमेलं घेऊन रस्त्याच्या कडेला साचलेला गाळ खरवडून आणायचे. शेजारच्या शेताच्या बांधावरची चिखलमाती आणली, त्या शेतकऱ्याच्या शिव्या खाऊन. चुलीतली राख घातली. दादा ड्युटीवरून येताना लूमच्या जमिनीवर पडलेला सुताचा भुसा गोणीत भरून आणायचा. तो मातीत मिसळला की ओल धरून ठेवायचा. वैनीला आई उचलाउचल करू देत नसे. ती पाटावर बसून ढेकळं फोडायची, खडे वेचायची. पण खडेही फेकायची नाही, तळाशी घालायची, पाणी निचरावं म्हणून. एकेक घमेलं पडलं की गडग्याजवळ जाऊन वीत टाकून बघायची, किती झाली.

आणि आमचं भांडण चालायचं, नावावरून. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी जाम भाव खायचे.

"मुलगा झाला तर तूच ठेव काय ते," मी म्हणायचे. "मुलगी झाली तर मी ठरवलंय."

"काय ठरवलंय? सांगा की."

"अं हं. आधी तिच्या कानात, मग जगाला."

"मी आई हाय तिची!"

"असशील. आत्या मी आहे."

मग ती ढेकूळ मारायची मला. हलकेच. एवढी हसलेली वैनी मी नंतर कधी बघितली नाही.

गडग्यात काय लावायचं हा प्रश्न आलाच. अनंताचं नाव वैनीनं पुन्हा काढलं नाही. रस्त्यापलीकडं एका कुंपणाला कोरांटी होती, पिवळ्या फुलांची. तिच्या फांद्या मी तोडून आणल्या, हात ओरबाडून घेऊन. आई म्हणाली, "कोरांटी काय लावायची? ती कुंपणाला असते, दारी न्हाय." वैनी म्हणाली, "काटे हायत. राखन करील." कशाची राखण, ते कुणी विचारलं नाही. गडग्याच्या कडेनं कोरांटी लावली आणि मधली जागा मोकळी ठेवली. कोरांटीचा भरवसाच वेगळा. तिला खोल माती नको, लाड नकोत. बघता बघता तिला पालवी फुटली. वैनी रोज सकाळी पान मोजल्यासारखी तिच्याजवळ बसायची.

भादव्यात बाया गौरीसाठी तेरडा न्यायला आल्या. गडगा बघून म्हणाल्या, "काय गं, आता मळा करनार का कातळावर?" वैनी लाजली. तेव्हा ती चालायला लागली की पोट आधी दिसायचं आणि मागनं ती.

गौरी गेल्या त्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. वेळेआधी. सुईण आली. आईनं मला पाणी तापवायला बसवलं. पाऊस नव्हता, लख्ख ऊन पडलं होतं. मी चुलीपुढं बसून नाव घोकत होते. खरंच घोकत होते, कारण कानात सांगताना चुकायला नको. मग आतला आवाज थांबला. मी वाट बघत राहिले. मूल रडतं ना, त्याची. बाहेर तेरड्यावर माश्या घोंघावत होत्या तेवढंच ऐकू येत होतं.

सुईण बाहेर आली आणि तिनं आईकडं बघून नुसती मान हलवली. मुलगी होती. सगळं नीट होतं, नखंसुद्धा आली होती. श्वास तेवढा नव्हता.

आई बसली नाही, रडली नाही. म्हणाली, "दादाला बोलवा." तो आला तेव्हा त्याच्या भुवयांवर, केसांवर सुताचा भुसा होता, पांढरा. एका दिवसात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. सुईणीनं सांगितलं, असं मूल लांब नेत नाहीत, घरामागंच ठेवायचं, म्हणजे पुन्हा त्याच आईच्या पोटाला येतं. घरामागं माती होतीच. महिनाभर आम्ही ती दुसऱ्या कशासाठी गोळा केली होती.

दादानं पहार घेतली. मऊ माती पटकन निघाली. मग खण्. थोडी बाजूला मारली, पुन्हा खण्. लूमवाल्या माणसांना हळू बोलायची सवय नसते. दिवसभर खडखडाटात ओरडून बोलायचं, तेच घरात. माझा दादा एरवी घरात पाणी मागायचा तर आळीला ऐकू जायचं. त्या दिवशीही तो तसाच मोठ्यानं बोलला, "आनखी खोल न्हाय जात गं, आई!"

आत वैनीनं ते ऐकलं. ती पहारेचा प्रत्येक आवाज ऐकत होती. मी तिच्याजवळ होते. तिनं माझं मनगट धरलं होतं, त्यावर तिच्या नखांचे वण उमटले होते.

"ओरडू नको," आई दादाला म्हणाली. "खाली न्हाय जायचं. वर यायचं." आणि ती आमची आई, जी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट घ्यायची नाही, तिनं दारापुढचा डबा उचलला, तुळस मुळासकट उपटून बाजूच्या लोट्यात ठेवली आणि डब्यातली सगळी माती त्या जागेवर ओतली. मग हातानं थोपटली. पुन्हा पुन्हा थोपटली, पाळण्यातल्या मुलाला थोपटतात तशी. तेव्हा तिला रडू फुटलं. वर दगड ठेवले आणि कोरांटीच्या काटेरी फांद्या आडव्या लावल्या. वैनी म्हणाली होती तशी कोरांटीनं राखण केली.

बाराव्या दिवशी वैनी भिंतीला टेकून बसली होती. दूध आलेलं, पदर ओला. मला म्हणाली, "वन्सं, आज बारसं असतं. काय ठरवलं होतं तुम्ही?"

मी तोंड उघडलं, तर आई आतून धावत आली. "नाव घ्यायचं न्हाय! नाव घेतलं का ती तितंच राहील. बिननावाची हाय तवर तिला पुन्हा पोटाला यायची वाट हाय."

वैनीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. स्वतःच ठेवला. "नका सांगू," म्हणाली. "नका सांगू, वन्सं."

ती कोरांटी मार्गशीर्षात फुलली. पिवळीधमक. आई पूजेला कुणाकुणाच्या दारची फुलं मागून आणायची, पण त्या फुलांना तिनं हात लावला नाही. वैनीही लावायची नाही. फुलं उमलायची, गळायची, त्याच मातीत पडायची.

आणि कुणी आलं नाही. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. ठाण्याचे डॉक्टर झाले, नवस झाले. माझं लग्न झालं, मला मुलगे झाले. दर वेळी माहेरी गेले की वैनी माझ्या मुलांना कडेवर घेऊन कोरांटीपाशी जायची आणि काहीतरी पुटपुटायची. नाव मात्र तिनं विचारलं नाही. विचारलं तर वाट बंद होईल ना! आशा किती चिवट असते बाईची. मला तेव्हा तिचा राग यायचा, आईचा त्याहून जास्त. वाटायचं, एकदा सांगून टाकावं आणि संपवावं. पण तोंडाशी आलं की तिचा तो हात आठवायचा.

आई गेली. टेमघरच्या त्या जागेवर इमारत उभी राहायची ठरली, कातळ फोडायला माणसं येणार होती. आदल्या दिवशी वैनीनं आणि दादानं गडगा उकलला. मीही गेले होते. सापडायचं काय होतं? नुसती माती. पण काय माती होती! काळी, भुसभुशीत, मुळांनी भरलेली. त्या कातळावर तेवढी माती चांगली झाली होती. वैनीनं हात घातला तो मनगटाच्याही वर बुडाला. ती म्हणाली, "आमच्या गावची वाटते." मग ती सगळी दोन गोण्यांत भरली, खड्यांसकट. कोरांटीच्या फांद्या वरून बांधल्या.

पुढं दादा गेला आणि वैनी माझ्याकडं आली, काल्हेरला. सामान फार नव्हतं. माती मात्र लिफ्टमधून वर आणली. वॉचमन हसला. माझ्या सुनेनं मोठी कुंडी आणून दिली, बिचारीनं काही विचारलं नाही.

गेल्या थंडीत वैनी अंथरुणाला खिळली. कोरांटी तेव्हा भरात होती. खिडकीतून फुलं दिसतील असा तिचा पलंग मी वळवून घेतला होता. दोघी म्हाताऱ्या, दोघींचे केस सुताच्या भुशासारखे. एका सकाळी मी तिला पेज भरवत होते, तर तिनं चमचा बाजूला केला.

"वन्सं, आता सांगा."

मला काय ते लगेच कळलं. तरी मी म्हटलं, "काय सांगू?"

"आता काय ती माझ्या पोटाला येत न्हाय. आता मीच जाते तिच्याकडं. हाक कशी मारू?"

मी वाटी खाली ठेवली. तिच्यावर वाकले आणि कानात सांगितलं, आत्या सांगते तसं. "अश्विनी."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अश्विनात व्हनार व्हती म्हनून?"

"हो."

"चांगलं हाय." थोड्या वेळानं पुन्हा, "अश्विनी. चांगलं हाय." मग दिवसभर ती ते नाव मधूनमधून म्हणत होती, हळू, जिभेला सवय करून घेतल्यासारखं. त्याच आठवड्यात ती गेली.

आता बाहेर पुन्हा सर येऊन गेली. रिया आतून आलीय, दाराला टेकून उभी आहे. राग अजून नाकावर आहे, पण हातात पाण्याचा तांब्या आहे. माझीच नात. समेट करायला आली की काहीतरी काम काढते.

"मघापासून कोणाशी बोलतेयस गं?"

"तुझ्या आत्याशी."

"मला कुठंय आत्या?"

"आहे," मी म्हटलं. "अश्विनी नाव तिचं. ये, पाणी घाल तिला. पण थोडंच घाल. तिच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही."